सरकारे बदलली तरी नेपाळकडे पाहण्याची दिल्लीची नजर का बदलत नाही?

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या एका विद्यार्थिनीने मला काही दिवसांपूर्वी एक प्रश्न विचारला. शेजारी देशांविषयीचे धोरण त्या राष्ट्राची सामरिक संस्कृती ठरवते की सत्तेवर असलेल्यांची विचारसरणी, असा तो प्रश्न होता. पुढे तिने लिहिले होते : ‘विचारसरणी निर्णायक असती, तर नेहरू, राजीव गांधी आणि नरेंद्र मोदी यांच्या काळातील नेपाळधोरणांत जमीन-अस्मानाचा फरक दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही. आणि संस्कृतीच निर्णायक असेल, तर निवडणुकांनी परराष्ट्र धोरणात काही फरक पडतो असे आपण का मानतो?’ माझ्या नोकरीचा बराच काळ शेजारी देशांशी होणाऱ्या वाटाघाटींचे मसुदे तयार करण्यात गेला आणि निवृत्तीनंतर मी हाच विषय शिकवतो. तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. धोका कशाला म्हणायचे आणि कोणत्या दिशेला डोळे लावून बसायचे, हे सामरिक संस्कृती ठरवते. त्या धोक्याविषयी कोणत्या भाषेत बोलायचे, शेजारच्या देशातील कोणाला आपला मानायचे आणि कोणते साधन हाती घ्यायचे, यावर विचारसरणीचा प्रभाव पडतो. भारताच्या नेपाळधोरणात पहिली गोष्ट शंभराहून अधिक वर्षांत फारशी हललेली नाही. दुसरी मात्र वारंवार बदलली आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकाच घटनेची दोन्ही बाजूंनी चुकीची कारणमीमांसा होते.

‘सामरिक संस्कृती’ ही संज्ञा अमेरिकन अभ्यासक जॅक स्नायडर यांनी १९७७ मध्ये सोव्हिएत संघाच्या अण्वस्त्रविषयक विचारांचा अभ्यास करताना वापरली. सोव्हिएत सेनानी अमेरिकनांसारखाच हिशेब करतील, हे गृहीतक त्यांना पटत नव्हते. ज्या अनुभवांतून एखादी लष्करी-प्रशासकीय पिढी घडते, ते अनुभव तिच्या हिशेबातच मिसळलेले असतात, असे त्यांचे म्हणणे होते. भारताविषयी हा विचार जॉर्ज टॅनहॅम यांनी १९९२ मध्ये मांडला आणि भारतीयांपाशी पद्धतशीर सामरिक विचाराची परंपरा नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर आपल्याकडे बरीच नाराजी व्यक्त झाली आणि उत्तरादाखल कौटिल्याचे नाव पुढे करण्यात आले. शेजारचा राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र, हा मंडल सिद्धान्त आजही प्रत्येक चर्चेत ऐकू येतो.

मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी आर. शामशास्त्री यांना म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ मध्ये हाती लागली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. नेपाळ, भूतान आणि तिबेट यांच्याशी वागण्याच्या कलकत्त्याच्या सरकारी पद्धती त्याआधीच घट्ट झाल्या होत्या. ग्रंथ आहे म्हणून संस्कृती आहे, असे होत नाही. तो विचार कोणत्या संस्थेने जपला आणि पुढच्या पिढीच्या हाती दिला, हे पाहावे लागते. मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूर दरबारात सिद्ध झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, स्पष्ट इशारा आहे : हे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्यामागे राज्य आहे, आणि समुद्रतीरी त्यांना पाय रोवू देऊ नये. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, १७५५-५६ मध्ये, पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्रे यांचे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग पाडाव केले आणि मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडला. इशारा शब्दांत होता, पण तो सांभाळणारी संस्था नव्हती. ज्या दरबारात तो लिहिला गेला तो दरबारही वेगळा होता. सामरिक संस्कृती शोधायची असेल तर पोथीपेक्षा दफ्तर आधी उघडावे, हा धडा मी यातून घेतला.

आता दफ्तराकडे वळू. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता आणि १९०७ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात त्याने सीमांविषयीची आपली कल्पना विस्ताराने मांडली. त्या कल्पनेत हिंदुस्थानची सीमा ही एक रेघ नव्हती. प्रत्यक्ष राज्याच्या बाहेर आश्रित प्रदेशांचा एक पट्टा, त्याच्या बाहेर प्रभावाचा पट्टा आणि त्याही पलीकडे प्रतिस्पर्धी साम्राज्य, अशी ती एकाबाहेर एक कडी होती. त्यांत हिमालयातील राज्यांची भूमिका तटबंदीची होती. नेपाळशी १८१६ मध्ये मंजूर झालेला सुगौलीचा तह आणि भूतानशी १९१० मध्ये झालेला पुनाखाचा करार याच चौकटीत बसतात. १९२३ च्या कराराने ब्रिटनने नेपाळचे स्वातंत्र्य मान्य केले, पण काठमांडूने उत्तरेकडे कोणाशी काय बोलावे याविषयीची अपेक्षा सुटली नाही.

१९४७ मध्ये राज्यकर्ते बदलले. खात्याच्या फायली आणि नकाशे तेच राहिले. जवाहरलाल नेहरू साम्राज्यवादाचे कडवे विरोधक होते, आशियाई ऐक्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता आणि लष्करी गटांविषयी त्यांना तिटकारा होता. विचारसरणीच निर्णायक असती, तर कर्झनची चौकट सर्वात आधी त्यांनी मोडायला हवी होती. १९५० च्या उत्तरार्धात चिनी सैन्य तिबेटात शिरले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. चीनकडून असलेल्या धोक्याविषयी त्यात रोखठोक इशारा आहे. या दोघांच्या विचारांतील अंतर दाखवण्यासाठी ते पत्र नेहमी उद्धृत केले जाते आणि चीनविषयी ते अंतर खरेही होते. मात्र त्यानंतर महिनाभराने, ६ डिसेंबर १९५० रोजी, नेहरू संसदेत नेपाळविषयी काय बोलले तेही वाचायला हवे. हिमालयाने आपल्याला अनादि काळापासून भव्य सीमा दिली आहे, भारताचा तो मुख्य अडसर आहे आणि नेपाळच्या स्वातंत्र्याची आपल्याला कितीही कदर असली तरी तो अडसर ओलांडला जाणे आपल्याला चालणार नाही, अशा अर्थाचे ते निवेदन होते. चीनकडे पाहताना दोघांची विचारसरणी दोन बाजूंना ओढत होती. नेपाळकडे वळताच दोघेही एकाच तटावर उभे दिसतात.

त्याआधी, ३१ जुलै १९५० रोजी, भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार झाला होता. त्याच्या सहाव्या आणि सातव्या कलमांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याच्या, मालमत्तेच्या आणि व्यापार-व्यवसायाच्या मोठ्या सवलती दिल्या. त्याबरोबर झालेल्या पत्रव्यवहारात, परकीय आक्रमणाचा धोका निर्माण झाल्यास दोन्ही सरकारे विचारविनिमय करतील, असे ठरले. ही पत्रे १९५९ पर्यंत जाहीर झाली नव्हती. करारावर नेपाळच्या बाजूने पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांची सही आहे आणि भारताच्या बाजूने राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांची. दिल्लीत काम करणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटते. काठमांडूत ती किरकोळ नाही. तिथे गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एका ज्येष्ठ नेपाळी अधिकाऱ्याने मला शांतपणे विचारले होते, ‘आमचा पंतप्रधान आणि तुमचा राजदूत समान पातळीचे, असे तुमच्या शिष्टाचाराच्या पुस्तकात कुठे लिहिले आहे?’ मला उत्तर देता आले नाही.

याच काळात विचारसरणी कुठे शिरली, तेही पाहण्यासारखे आहे. करारावर सही करणाऱ्या राणांची, म्हणजे नेपाळचे पंतप्रधानपद वंशपरंपरेने आपल्याकडे ठेवणाऱ्या घराण्याची, सत्ता अवघ्या सात महिन्यांत गेली. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन यांनी काठमांडूच्या भारतीय दूतावासात आश्रय घेतला. तिथून ते दिल्लीला आले. नेपाळी काँग्रेसचे अनेक नेते भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले होते, दिल्लीतील नेत्यांशी त्यांचा जुना स्नेह होता. राणांना सरळ पाठिंबा देणे नेहरूंच्या लोकशाहीनिष्ठेला मानवणारे नव्हते आणि नेपाळ अस्थिर होऊ देणे त्यांच्या सुरक्षाविचाराला परवडणारे नव्हते. फेब्रुवारी १९५१ च्या दिल्ली समझोत्यात या दोन्हींचा मेळ बसला : राजा, राणा आणि नेपाळी काँग्रेस यांचे संमिश्र मंत्रिमंडळ. नेपाळ कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचे उत्तर विचारसरणीने दिले. नेपाळ कोणत्या बाजूला असावे, हा प्रश्न मात्र तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तो आधीच सुटलेला मानला गेला होता. १९५२ पासून नेपाळात भारतीय लष्करी मंडळ होते आणि उत्तर सीमेवरच्या चौक्यांत भारतीय कर्मचारी होते. नेपाळच्या आग्रहाने सत्तरच्या सुमारास ते परत आले.

नेपाळची स्वतःची सामरिक संस्कृती विचारात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही, आणि आपल्या चर्चांत नेमकी हीच बाजू गाळली जाते. गोरखा राज्याचा विस्तार करणारे पृथ्वीनारायण शाह यांचे जे उपदेशवचन प्रत्येक नेपाळी शाळकरी मुलाला ठाऊक असते, त्यात नेपाळला ‘दोन दगडांमधला तरूळ’ म्हटले आहे. तरूळ म्हणजे जमिनीत वाढणारा कंद. दोन धोंड्यांच्या फटीत जगायचे असेल तर त्याने दोन्हींशी सांभाळून, पण कोणाच्याही बाजूला न कलता वाढायचे असते. सुगौलीच्या तहात नेपाळने सिक्कीमपासून कुमाऊँ-गढवालपर्यंतचा प्रदेश गमावला, ही आठवण त्या वचनाच्या शेजारी बसलेली आहे. त्यामुळे दिल्लीच्या नजरेला जी तटबंदी दिसते, तिलाच काठमांडूची नजर दोन दगडांपैकी एक म्हणून पाहते. इथे कोणी वाईट हेतूने वागत नाही. प्रत्येकाने आपल्या इतिहासातून आपापली नजर घेतली आहे आणि दोन्ही नजरा एकाच डोंगररांगेवर पडतात.

१५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी चीनशी काठमांडू-कोदारी रस्त्याचा करार केला. महेंद्रांना साम्यवादाचे आकर्षण मुळीच नव्हते. आपल्याच देशातील डाव्यांना ते तुरुंगात टाकत होते. रस्ता हे तराजूचे दुसरे पारडे होते. तरूळ वचन आणि हा रस्ता एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की, विचारसरणीविना सामरिक संस्कृती कशी वागते, हे कळते.

यानंतर राजे बीरेंद्र यांच्या प्रस्तावाकडे पाहू. फेब्रुवारी १९७५ मध्ये राज्याभिषेकाच्या समारंभात त्यांनी नेपाळला ‘शांतिक्षेत्र’ म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी केली. त्याच सुमारास सिक्कीमच्या विलीनीकरणाची प्रक्रिया चालू होती आणि मे १९७५ मध्ये ते भारतात पूर्णपणे सामील झाले. काठमांडूची अस्वस्थता त्यातून आली होती. पुढे शंभराहून अधिक देशांनी त्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. भारताने दिला नाही. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते, ज्यांनी १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण खात्याची धुरा सांभाळली होती. शांतिक्षेत्र मान्य केले तर १९५० च्या कराराचा सुरक्षाविषयक भाग आपोआप पोकळ होतो, हे दिल्लीचे वाचन होते आणि ते कायदेशीरदृष्ट्या चुकीचे नव्हते.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. मोरारजी देसाई पंतप्रधान आणि अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री, म्हणजे काँग्रेसच्या तीस वर्षांनंतरचा पहिला खरा बदल. या सरकारने नेपाळची जुनी मागणी मान्य करून १९७८ मध्ये व्यापार आणि पारगमन यांचे वेगवेगळे करार केले. समुद्र नसलेल्या देशाला कलकत्त्याच्या बंदरापर्यंतची वाट व्यापारी सवलतींच्या घासाघिशीपासून वेगळी मिळणे, ही त्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. इथे विचारसरणीने आणि स्वभावानेही फरक पाडला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण याच सरकारने शांतिक्षेत्राला मान्यता दिली नाही. साधन बदलले, चौकट राहिली. माझ्या मते विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सगळ्यात स्वच्छ उत्तर या दोन वर्षांत सापडते, आणि अभ्यासकांचे त्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही.

मार्च १९८९ मध्ये या दोन्ही करारांची मुदत संपली. आदल्या वर्षी नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रास्त्रे घेतली होती. नेपाळात काम करणाऱ्या भारतीयांना परवाने लागू करण्यावरूनही वाद होता. राजीव गांधी सरकारला व्यापार आणि पारगमन यांचा पुन्हा एकच करार हवा होता. समझोता झाला नाही आणि दोन नाकी सोडून बाकीची व्यापारी नाकी बंद झाली. रॉकेल आणि डिझेलची टंचाई, स्वयंपाकासाठी जंगलतोड, रांगा, हे नेपाळने वर्षभराहून अधिक काळ सोसले. शस्त्रखरेदीचा मुद्दा दिल्लीला इतका का झोंबला? त्या तोफांनी भारताच्या सुरक्षिततेला धोका होता, असे त्या वेळीही कोणी गांभीर्याने म्हटले नाही. तटाला आतून भोक पडले, ही भावना होती. सामरिक संस्कृती काम करत असते तेव्हा ती अशीच दिसते : घटनेचे वजन आणि प्रतिक्रियेचे वजन जुळत नाही.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि भारतीय हवाई दल काही तासांतच मदतीला पोहोचले. आदल्या वर्षी पंतप्रधान मोदी यांनी नेपाळच्या संसदेत केलेल्या भाषणाने तिथली मने जिंकली होती. सतरा वर्षांत भारतीय पंतप्रधानांची ती पहिली द्विपक्षीय भेट होती. त्याच वर्षी, २० सप्टेंबर २०१५ रोजी, नेपाळची राज्यघटना लागू झाली. भारताला लागून असलेल्या तराईच्या मैदानी पट्ट्यातील मधेसी समाजाला ती अन्यायकारक वाटली. आणि सीमेवरून जाणारी इंधनाची आणि मालाची वाहतूक जवळजवळ पाच महिने कोलमडली. आम्ही नाकेबंदी केलेली नाही, नेपाळच्या बाजूच्या आंदोलनामुळे वाहने अडली आहेत, ही भारताची अधिकृत भूमिका होती. नेपाळमध्ये ती फार थोड्यांना पटली. मधेसींच्या तक्रारी खऱ्या होत्या, असे माझे मत आहे. तरीही १९८९ चा अनुभव दफ्तरात असताना त्या वाटेने जाणे, किंवा त्या वाटेने जात असल्याचा समज होऊ देणे, ही गंभीर चूक होती. मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान के. पी. ओली बीजिंगला गेले आणि चीनशी पारगमन करार करून आले. ज्या दरवाजातून कोणी आत येऊ नये म्हणून सहा दशके पहारा दिला, तो उघडण्यासाठी ओलींना आता नेपाळी मतदाराचा आशीर्वाद मिळाला होता.

२०१५ मध्ये विचारसरणीचा वाटा किती होता? काही अभ्यासक नेपाळने हिंदुराष्ट्राऐवजी धर्मनिरपेक्षता स्वीकारली हे दिल्लीच्या नाराजीचे मुख्य कारण मानतात. सत्ताधारी पक्षाच्या वर्तुळात तशी नाराजी होती, यात शंका नाही. पण ते मुख्य कारण होते, असे म्हणायला मी तयार नाही. १९८९ मध्ये नेपाळ हिंदुराष्ट्रच होते आणि दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते. तरी नाकी बंद झालीच. कारण बदलले तरी कृती तीच राहते तेव्हा त्या कारणाकडे संशयाने पाहावे. विचारसरणीने २०१५ मध्ये जे केले ते वेगळे होते : सांस्कृतिक जवळिकीच्या भाषेवर दिल्लीचा इतका विश्वास बसला की, सल्ला दिला की तो ऐकला जाईल, असे गृहीत धरले गेले. पशुपतिनाथ आणि जनकपूर यांचे नाते खरे आहे. पण आपुलकीच्या नात्यातून आलेला सल्ला धाकटेपणाची जाणीव करून देत असेल, तर तो परक्याच्या सल्ल्यापेक्षा जास्त बोचतो.

विचारसरणी थेट धोरण घडवते अशी उदाहरणेही आहेत, आणि ती बहुधा अंतर्गत राजकारणातून येतात. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा संमत झाला, तेव्हा बांगलादेशाचे परराष्ट्रमंत्री ए. के. अब्दुल मोमेन यांनी आपला भारत दौरा ऐनवेळी रद्द केला. तो कायदा परराष्ट्र धोरण म्हणून केलेला नव्हता, पण शेजाऱ्याने तो तसाच वाचला. उलट बाजूचे उदाहरणही बांगलादेशाचेच आहे. १९७४ च्या इंदिरा-मुजीब भूसीमा कराराला भारतीय जनता पक्षाने २०१३ मध्ये विरोधी बाकांवरून विरोध केला. मे २०१५ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने त्यासाठीची घटनादुरुस्ती एकमताने संमत करून घेतली आणि भारताचे १११ व बांगलादेशाचे ५१ छीटमहाल, म्हणजे दुसऱ्या देशाच्या हद्दीने वेढलेले तुकडे, ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांना दिले गेले. जमीन देणे त्या पक्षाच्या विचारसरणीला सर्वात अवघड जाणारी गोष्ट. पण शांत पूर्वसीमेची गरज तिच्यापेक्षा भारी ठरली.

हा नियम केवळ आपल्यालाच लागू नाही. पाकिस्तानने १९९७ मध्ये तालिबान राजवटीला मान्यता दिली आणि समविचारी सरकार आले की अफगाणिस्तान आपल्या पाठीशी राहील, अशी अपेक्षा ठेवली. १८९३ ची ड्युरँड रेषा, म्हणजे आजची पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमा, मात्र तालिबानने पहिल्या राजवटीत मान्य केली नाही आणि ऑगस्ट २०२१ नंतरच्या दुसऱ्या राजवटीतही केलेली नाही. १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रसंघातील प्रवेशाविरुद्ध मत देणारा एकमेव देश राजेशाहीतला अफगाणिस्तान होता. राजा आणि तालिबान यांच्या विचारांत काही साम्य शोधायचे झाले तर ते या रेषेपाशीच सापडेल.

मग चौकट कधीच बदलत नाही का? बदलते, आणि याचे उदाहरण भूतान आहे. १९४९ च्या करारातील दुसऱ्या कलमानुसार परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालायचे होते. हे कलम १९१० च्या ब्रिटिश करारातून जवळजवळ तसेच उचललेले होते. २००७ मध्ये करार नव्याने झाला आणि सल्ल्याचे बंधन काढून, एकमेकांच्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत निकटचे सहकार्य, असे शब्द आले. दहा वर्षांनी, २०१७ च्या उन्हाळ्यात, डोकलामच्या पठारावर भारतीय आणि चिनी सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभे होते. जमिनीवर हक्क भूतानचा होता आणि त्याने चीनच्या रस्तेबांधणीला जाहीर आक्षेप घेतला. कलम गेले म्हणून तट कोसळला नाही. भूतान लहान आहे, त्याचे चीनशी राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे तिथे जे जमले ते नेपाळात तसेच जमेल असे मी म्हणत नाही. पण जुने शब्द गाळण्याची भीती जितकी वाटते तितकी ती खरी नसते, एवढे त्यावरून दिसते. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६ मध्ये लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे तत्त्व मांडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला, हेही याच ओळीत बसते. मात्र पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांचे सरकार अल्पायुषी ठरले आणि त्या तत्त्वाला खात्याच्या सवयीत मुरण्याइतका वेळ मिळाला नाही.

विद्यार्थिनीला माझी एक सूचना आहे. केवळ भाषणांवरून निष्कर्ष काढू नका. भाषणे विचारसरणीच्या भाषेत असतात आणि तुमचे मोजमाप आपोआप तिच्या बाजूला झुकेल. करारांची कलमे, मुदती आणि सीमेवरच्या नाक्यांचा इतिहास घ्या. दिल्लीत सत्तांतर झाल्यावर कोणते कलम बदलले आणि कोणत्या कलमाला कोणीच हात लावला नाही, याचा तक्ता करा. तोच तक्ता काठमांडूसाठीही करा, कारण तिथले उत्तर तुम्हाला चकित करेल. १९५० च्या कराराच्या दहाव्या कलमानुसार कोणत्याही बाजूला एक वर्षाची सूचना देऊन करार संपवता येतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये नेपाळच्या माओवाद्यांनी सशस्त्र उठावापूर्वी ज्या चाळीस मागण्या मांडल्या, त्यांच्या आरंभीच हा करार रद्द करण्याची मागणी होती. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचेच नेते पुष्पकमल दहाल ‘प्रचंड’ पंतप्रधान झाले. पहिली परदेशवारी त्यांनी दिल्लीऐवजी बीजिंगची केली. पण एक वर्षाची ती सूचना त्यांनी दिली नाही, आणि त्यांच्यानंतर आलेल्या कोणीही दिलेली नाही. सातव्या कलमाच्या आधाराने पारपत्राशिवाय सीमा ओलांडून पोट भरण्यासाठी भारतात येणाऱ्या लाखो नेपाळी कुटुंबांचा प्रश्न कोणत्याच विचारसरणीला ओलांडता आलेला नाही.

या कराराचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यवरांचा एक संयुक्त गट नेमला. भारताचे चार आणि नेपाळचे चार सदस्य दोन वर्षे बसले आणि २०१८ मध्ये त्यांनी एकमताचा अहवाल तयार केला. तो स्वीकारण्यासाठी दिल्लीने त्यांना वेळ दिली नाही आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. त्यानंतर २०२० मध्ये लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा या दोन्ही देश आपले म्हणतात त्या सीमाभागांवरून नकाशांचा वाद पेटला. नेपाळच्या संसदेने नवा नकाशा एकमुखाने घटनेत घातला. तुमच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण या अहवालावर लिहा, असे मी सुचवेन. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा, आपणच नेमलेल्या लोकांनी लिहिलेला कागद हातात घ्यायला एखादे खाते का कचरते, याचा शोध घ्या.